बीबीचा जावई आणि बर्फाचा डबा

जालन्याच्या स्टँडवर मेहकरची एसटी लागली तेव्हा माझ्या मांडीवर बर्फाचा निळा डबा होता आणि शेजारच्या आजोबांची नजर त्याच्यावरून हटत नव्हती. सिंदखेडराजापर्यंत त्यांनी धीर धरला, मग विचारलंच.

"कुल्फी हाये का?"

"नाही आजोबा. गोचीड ठेवायचेत."

"इकाले?" (विकायला?)

"अभ्यासाला. मी पुण्याहून आलेय."

"पुण्यात भेटत नाही का ते?"

"भेटतात. पण वेगवेगळ्या गावचे हवेत. आता बीबी गावी चाललेय."

आजोबांनी मागे वळून सगळ्या गाडीला खबर दिली, "बाई गोचीड वेचाले बीबीले चालल्या!" पुढे बीबी येईपर्यंत जो तो मला आपापल्या कुत्र्याचा पत्ता देत होता.

माझं काम थोडक्यात सांगते. कुत्र्याच्या अंगावरचे तपकिरी गोचीड दिसायला सारखेच. पण काहींच्या पोटात गोचीडतापाचे जीवाणू असतात. कुत्रा त्यानं आजारी पडतो, गोचीड मात्र ठणठणीत. जीवाणू बाळगणाऱ्या आणि न बाळगणाऱ्या गोचिडांच्या अंगातली प्रथिनं कुठं वेगळी पडतात, हे मला शोधायचं होतं. प्रथिनं उन्हानं नासतात, म्हणून तो डबा.

बीबीत माझी सोय मैत्रिणीच्या आईकडे, द्वारकाकाकूंकडे होती. सकाळभर बाजारातल्या आणि गल्लीतल्या कुत्र्यांमागे हिंडून, चिमट्यानं गोचीड काढून नळ्यांत भरून मी त्यांच्या दारात पोचले, तेव्हा काकू उंबऱ्यातच म्हणाल्या, "बरं झालं आल्या. जावई कालपासून जेवला नाही. तुम्ही डॉक्टर हाय ना?"

"काकू, मी तसली डॉक्टर नाही. खरं तर अजून कसलीच नाही."

आत पाहिलं तर एक धडधाकट गृहस्थ पातोड्यांचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचं झणझणीत कालवण) भाकरीत कुस्करून चांगलेच जेवत होते.

"ते नाही," काकू म्हणाल्या. "ते जावईबापू, सुधाकरराव. जावई तो पाहा, बाजेखाली."

बाजेखाली एक पिवळसर कुत्रा पाय ताणून पडला होता.

"दिवसभर बसून खाते, अन् वर रुसते," काकू म्हणाल्या. "मंग दुसरं काय नाव ठेवू?"

सुधाकरराव शांतपणे म्हणाले, "नाव त्याचं आधीचं हाये. मी मागून आलो या घरात. काही बोलता येत नाही."

मलाही ताट वाढलं गेलं. रश्श्यानं डोळ्यांतून पाणी काढलं. सासू-जावयांनी ते कौतुकानं पाहिलं.

जेवण झाल्यावर मी चिमटा घेऊन बाजेशी बसले. जावयाच्या कानात गोचिडांचा घोसच होता. नळ्या भरल्या, मी खूश झाले. मग सहज त्याचा ओठ वर केला आणि खुशी गेली. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. नाकपुडीशी रक्त सुकलेलं होतं.

"काकू, याला आजच डॉक्टरकडे न्यायला हवं."

"काऊन? उन्हानं झालं असन."

"उन्हानं नाही. गोचीडताप वाटतोय. जिवावर बेतू शकतं."

काकू माझ्या डब्याकडे पाहत राहिल्या. "तुमच्या या अभ्यासानं याले काही फायदा होत नाही का?"

"याला नाही. झालाच तर पुढच्या कुत्र्यांना उपयोग होईल."

"पुढच्याले मी ओळखत नाही, पोरी."

मी घड्याळ पाहिलं. माझी परतीची गाडी तासाभरात होती आणि बर्फ निम्मा वितळला होता. पण काकूंना सुई पाहवत नव्हती आणि सुधाकररावांना डॉक्टरला काय सांगायचं ते माहीत नव्हतं. मी त्यांच्या पिकअपमध्ये चढले. जावई माझ्या मांडीवर, डबा मागे कांद्याच्या पोत्यांत.

लोणारला जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "नाव काय?"

"जावई," सुधाकरराव म्हणाले.

"तुमचं नाही, पेशंटचं."

"पेशंटचंच सांगून राह्यलो."

डॉक्टर हसले. पण काचपट्टीवरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यांचं हसू मावळलं. गोचीडतापच होता. त्यांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. "रक्त फार कमी झालंय. आता खायला लागला तर वाचला म्हणा."

बाहेर येऊन डबा उघडला तर बाजारातल्या कुत्र्यांच्या नळ्या कोमट पाण्यात तरंगत होत्या. जावयाच्या नळ्या तेवढ्या तळाच्या पिशवीत, उरल्यासुरल्या बर्फात होत्या. सुधाकरराव रसवंतीवर गेले आणि गोणपाटात बर्फाची लादी घेऊन आले. परतताना त्यांनी सरोवराच्या काठावर गाडी क्षणभर थांबवली. "पाहून घ्या. लोणारले येऊन नुसते गोचीड पाहून गेल्या म्हणून सांगू नका कोणाले."

त्या दिवशी मी बीबीतच राहिले. सकाळी निघताना काकू अंगणात बसून बोटानं दूधभात जावयाच्या ओठाला लावत होत्या. तो तोंड फिरवत होता. त्या पुन्हा लावत होत्या. मला निरोप द्यायलाही त्या उठल्या नाहीत.

पुण्यात आल्यावर बाजारातल्या कुत्र्यांचे सगळे नमुने फेकून द्यावे लागले. आमच्या सरांनी विचारलं, "बर्फ का वितळला?" मी म्हटलं, "जावई आजारी होता." माझं लग्न झालेलं नाही हे त्यांना ठाऊक आहे.

काही दिवसांनी काकूंचा फोन आला. त्या ओरडतच होत्या, "जेवला! अर्धी भाकर खाल्ली, अन् सुधाकररावाच्या ताटातला रस्साबी चाटला!" मागून सुधाकररावांचा आवाज आला, "अन् मले दुसरं ताट नाही वाढलं अजून!"

फोन ठेवून मी उरलेल्या नळ्या काढून कामाला बसले. कुठल्या गोचिडात काय वेगळं आहे, हे कळायला अजून पुष्कळ अवकाश आहे. या कामाला मी इतके दिवस 'माझा विषय' म्हणत आले. आता नळी हातात घेतली की कुठल्यातरी अंगणात तोंड फिरवून पडलेलं कुत्रं दिसतं, आणि त्याच्यापुढे भाताचं बोट धरून बसलेलं माणूस.