जाळीची बाजू

कोणताही खोका काउंटरवर आला की दुकानाच्या मालकीणबाई आधी त्याच्यावर आपला तळहात ठेवत. उघडू देत नसत, किंमतही सांगत नसत. चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "हा कुणाशी बोलणार?"

नव्या ग्राहकाला वाटे, बाई मोबाइलबद्दल काही विचारत आहेत. त्यांना एवढेच जाणून घ्यायचे असे, की हा सुटा भाग घरी ज्या भागांना जोडायचा आहे ते कोणते. प्रोसेसर मदरबोर्डशी बोलतो, मदरबोर्ड रॅमशी, आणि पॉवर सप्लायशी तर सगळ्यांनाच बोलावे लागते. ज्यांचे आपसात बोलणे होणार नाही अशा वस्तू त्या विकत नसत. असे दुकानदार तुम्हीही क्वचित पाहिले असतील. मी एकच पाहिला.

जयपूरच्या मालवीय नगरात, शिकवणी वर्गांच्या पाट्यांच्या दाटीत, त्यांचे कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचे दुकान आहे. आत एक पोटमाळा, त्याला लोखंडी शिडी. कॉलेजची मुले दारातून डोकावून विचारत, "आंटी, भैया नहीं हैं क्या?"

"भैया ऊपर गए हैं," त्या शांतपणे सांगत.

मुले शिडीकडे पाहत उभी राहत. पाच-सात मिनिटांनी त्या म्हणत, "तब तक मैं कुछ बता दूँ?" आणि भैया खाली येण्याआधीच मुलांचे काम होऊन जाई. पहिल्या दिवशी मीही भैयांची चौकशी केली आणि मीही शिडीकडे पाहत उभी राहिले. तेवढ्यात सांगलीहून आईचा फोन आला. मी मराठीत बोलू लागताच काउंटरमागे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. फोन संपेपर्यंत त्या हातून पडलेला स्क्रू-ड्रायव्हरही उचलायला वाकल्या नव्हत्या.

"मराठी आहेस? मग इतका वेळ हिंदीत का बोलत होतीस ग?"

त्यांचे वडील भुसावळचे, रेल्वेत; बदली होऊन जयपूरला आले ते इथलेच झाले. त्यांचा जन्म इथला, शाळा हिंदी, सासर जयपूरचे. मराठी उरली ती वडिलांकडून ऐकलेली, आणि वडील गेल्यावर तीही कुणाशी बोलायची सोय राहिली नाही. यजमानांनाही जाऊन आठ वर्षे झाली होती. पोटमाळ्यावर त्यांचा हार घातलेला फोटो आहे हे मला पुढे कळले, तेव्हा मी चमकून त्यांच्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मी खोटं कुठे बोलते? वरच आहेत ना?"

मला हवा होता गेमिंगचा कॉम्प्युटर, मध्यम बजेटमधला. "कोणता गेम खेळणार?" त्यांनी विचारले.

"खेळणार नाही, ताई. वाळू पाडणार आहे."

याचा खुलासा तुमच्यासाठीही केला पाहिजे. एम.एस्सी. होऊन मी जयपुरात एका प्रकल्पावर सहायक होते. ढिगावरून घसरणाऱ्या वाळूच्या लाखो कणांच्या टकरी कॉम्प्युटरवर मोजणे हा माझा विषय. बंगळूरच्या एका संशोधन गटात पीएच.डी.साठी अर्ज करायचा होता आणि अर्जासोबत स्वतः केलेल्या गणनेचे निकाल जोडायचे होते. विभागातल्या मोठ्या यंत्रावर माझी पाळी मुदत उलटल्यावर येणार होती. गेमिंगचे ग्राफिक्स कार्ड हजारो लहान बेरजा एकाच वेळी करते. वाळूला नेमके तेच लागते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता, असे कुणी म्हणेल. पण माझा करार जूनमध्ये संपत होता, आणि घरी "आता शिक्षण पुरे" हे वाक्य तयार होते. ते वाक्य उच्चारले जाण्यापूर्वी मला निकाल हवे होते.

मी सुट्या भागांचा तक्ता करून नेला होता. चौदा रकाने. त्यांनी तो बोट ठेवून वाचला आणि रॅमवर थांबल्या. कपाटातून रॅमच्या दोन पट्ट्या काढून शेजारी-शेजारी ठेवल्या. "ही तू लिहिलेली, ही तुझ्या मदरबोर्डला लागणारी. दोघी बहिणी दिसतात ना? आता खाच बघ." खाच खरोखरच वेगळ्या जागी होती. मी स्वस्त मिळते म्हणून जुन्या पिढीची रॅम निवडली होती.

मग त्यांनी खणातून शिंप्याची टेप काढली, खोक्यातले कार्ड मोजले, मी निवडलेला कॅबिनेट आतून मोजला. "कार्ड आत जाईल. पण त्याचं डोकं पंख्यात." माझ्या चौदा रकान्यांत लांबीचा रकाना नव्हता.

पॉवर सप्लायवर मी काटकसर केली होती. ती त्यांना सर्वांत जास्त खटकली. "बाकीचे सगळे जेवणारे, हा एकटा वाढणारा. वाढणाराच उपाशी ठेवला तर पंगत कशी उठणार?" त्यांनी प्रोसेसर एक पायरी खाली आणला, पॉवर सप्लाय दोन पायऱ्या वर नेला. कॅबिनेटची काचेची बाजू नाकारून जाळीची घ्यायला लावली. "काच दाखवायला असते, बेटा. जयपूरच्या गर्मीत काय दाखवणार?" एकूण बजेट होते तेवढेच राहिले, आणि यादीतला प्रत्येक भाग दुसऱ्याशी बोलू लागला. माझा तक्ता मी तिथेच घडी घालून पिशवीत टाकला.

जोडणी मात्र मी स्वतः करणार होते. त्यांनी एकेक वस्तू हातात देत सूचना केल्या आणि शेवटी रिक्षापर्यंत येऊन म्हणाल्या, "आणि ऐक, जाळीची बाजू खाली ठेव. नेहमी. विसरू नको."

आदर्श नगरमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीत दोन दिवसांत यंत्र उभे राहिले. किंबहुना आडवे झाले. जाळीची बाजू खाली, टेबलाला टेकवून. मला सूचना चमत्कारिक वाटली, पण मी विज्ञानाची विद्यार्थिनी. कारण शोधून काढले. गरम हवा वर जाते, तेव्हा थंड हवा खालून घेणे योग्यच. शिवाय एप्रिलची धूळ वरून पडते. मी त्यांच्या अनुभवाला मनोमन दाद दिली.

मुदतीला पंचवीस दिवस होते, गणनेला सतरा लागणार होते. नऊ दिवसांनी पाहिले तर काम तीन दिवसांचे झाले होते. कार्ड तापत होते आणि तापले की स्वतःच वेग कमी करत होते. मी प्रोग्रॅम तपासला, कार्ड काढून पुन्हा बसवले, कूलरचे तोंड टेबलाकडे वळवले. प्रत्येक गोष्ट एकेकदा बदलून पाहिली, एक सोडून. कॅबिनेट कसा ठेवायचा हे त्यांनी सांगितले होते, म्हणून ते मी तपासायच्या यादीत घेतलेच नाही. उरलेला निष्कर्ष एकच होता.

मी भर दुपारी दुकानात गेले. तीन ग्राहक उभे होते. मी म्हणाले, "आपने मुझे खराब कार्ड दिया है."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. भांडण कळले होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसले ते वेगळेच काही होते, आणि ते काय हे मला त्या वेळी समजले नाही. "चलिए, देख लेते हैं," त्या म्हणाल्या. ग्राहकांना बाहेर काढून त्यांनी शटर ओढले आणि माझ्या स्कूटरवर मागे बसल्या.

खोलीत शिरताच त्या दारातच थांबल्या.

"हा झोपला का आहे?"

"तुम्हीच सांगितलंत. जाळीची बाजू खाली ठेव."

"हो, खालीच ठेव म्हटलं! तू तर दाबून टाकलीस!"

"खालीच आहे ना, ताई! याहून खाली कशी ठेवू?"

"अग, कुठे खाली आहे? पूर्ण टेबल लागलंय तिला!"

दोघी एकच शब्द एकमेकींवर फेकत होतो, दर खेपेला अधिक मोठ्याने. घरमालकीणबाई जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या. आणि मग, फार उशिरा, माझ्या डोक्यात ते शिरले. आमच्या मराठीत खाली म्हणजे तळाशी. हिंदीत खाली म्हणजे मोकळी.

"ताई," मी म्हणाले, "तुम्हाला रिकामी म्हणायचं होतं का?"

"रिकामी... हां. बाबा म्हणायचे. मला रिकामटेकडी म्हणायचे. मला वाटायचं, असेल भुसावळला एखादी टेकडी."

त्यांनी कॅबिनेट दोन्ही हातांनी उभा केला, भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि जाळीजवळ हात धरला. मी पडद्यावरचा तापमानाचा आकडा वाचू लागले. ब्याण्णव. सत्त्याऐंशी. एकोणऐंशी. एकाहत्तरला तो स्थिर झाला, तोवर दोघींपैकी कुणीही बसले नव्हते.

"माझ्या मराठीने तुझे सहा दिवस खाल्ले," त्या खुर्चीवर बसत म्हणाल्या.

"मी विचारायला हवं होतं. आणि दुकानात तसं बोलायला नको होतं."

"भांडलीस त्याचं काही नाही. दुकान आहे, लोक भांडतात." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "हिंदीत भांडलीस ते लागलं. मराठीत भांडायचं ना. मराठीत माझ्याशी भांडायला आता आहे कोण?"

मी चहा केला. साखर कमी पडली, असे त्यांनी ठणकावून सांगितले, ती पुरेशी आहे असे मी ठणकावून सांगितले, आणि त्यांचा चेहरा पूर्ववत झाला.

सोळा दिवस उरले होते, काम चौदा दिवसांचे. त्या रोज सकाळी फोन करून विचारत, "वाळू कुठवर आली?" एका संध्याकाळी धुळीची आंधी आली, वीज गेली, आणि यंत्र बंद पडले, शेवटचे काही तास वाया गेले. दुसऱ्या दिवशी रिक्षातून त्या आल्या, मांडीवर दुकानातला यूपीएस. "दुकानाचं काय?" मी विचारले. "दुकानात अंधार झाला तर ग्राहक घाबरेल. तुझं गणित घाबरून चालणार नाही." मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचा कण थांबला. अर्ज गेला.

निवडीचे पत्र जूनअखेरीस आले. ते मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवले. इंग्रजी पत्राचे मराठीत भाषांतर करताना मी दोनदा अडखळले, आणि दोन्ही वेळा त्यांनी हिंदी शब्द सुचवला.

निघायच्या दिवशी यंत्र बांधून घ्यायला मी त्यांच्याकडे नेले. त्यांनी ग्राफिक्स कार्ड बाहेर काढायला सुरुवात केली. मी म्हणाले, असू द्या आतच, मी नीट गादी लावली आहे. "गाडीत झटके बसतील, कार्ड वजनदार आहे, खाच मोडेल." मी म्हणाले, स्क्रू घट्ट आहेत. "तुझे स्क्रू मला माहीत आहेत!" मी म्हणाले, बल किती येईल ते मी काढून दाखवते. "काढ, काढ, बंगळूरला जाऊन काढ, मोडलेलं कार्ड समोर ठेवून काढ!" दुकानातली मुले एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती, त्यांना एक अक्षर कळत नव्हते. पंधरा मिनिटे आम्ही कडाडून भांडलो. मी हरले. कार्ड फोममध्ये गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिले आणि बजावले की ते स्टेशनपर्यंत आणि पुढेही मांडीवरच राहील.

मी रिक्षात बसले तेव्हा त्या दारात आल्या होत्या. मला वाटले, निरोप द्यायला. त्यांच्या हातात कुणाचा तरी मदरबोर्ड होता. एक डोळा मिटून, तो उन्हाकडे तिरका धरून, त्या प्रोसेसरच्या जागेतल्या केसाएवढ्या पिना न्याहाळत होत्या. एखादी वाकलेली असावी. रिक्षा सुरू झाली. मी हात हलवला. त्यांनी मदरबोर्ड थोडा आणखी वळवला, ओठ हलले, बहुधा पिना मोजत होत्या, आणि ऊन त्या पिनांवरून उडून त्यांच्या कपाळावर नाचत राहिले.