ठेव डॉलरमधे की रुपयांत?

बाहेरदेशी राहणाऱ्या दोस्तांनो, आज दुपारी लोणारच्या बँकेत एका साध्या प्रश्नानं मी पुरता अडकलो.

मी सुट्टीवर घरी आलो आहे. कॅनडातल्या बचतीची मुदत ठेव करायची होती, म्हणून बाबांसोबत बँकेत गेलो. ठेव डॉलरमधेच ठेवायची की रुपयांत, एवढंच ठरवायचं होतं. साहेबाले विचारलं, "कोणती बरी?"

साहेब सरळ म्हणाले, "कायमचं परत यायचं असेल तर रुपयांत ठेवा. तिकडंच राहायचं असेल तर डॉलरमधे. तुमचं काय ठरलं?"

हा प्रश्न घरी मले कोणीच विचारत नाही. बाबा माह्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. मी उगंच व्याजदर विचारत बसलो.

शेवटी बाबाच बोलले, "डॉलरमंधीच ठेवा, साहेब."

घरच्या फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, "वरच्या खोलीचं काम थांबवतो मंग. आमा दोघाइले खालचं पुरते."

ती खोली ते माह्यासाठी बांधून राह्यले होते. दर व्हिडिओ कॉलवर तिच्या भिंती दाखवायचे.

मी नुसतं "हाव" म्हणून मान डोलावली. तुम्ही काय म्हटलं असतं बे?