धबधब्यावर विसरलेलं घड्याळ

०५३० वाजता सिंदेवाहीहून जीप निघाली. पुढे ड्रायव्हरशेजारी मी, मागच्या सीटवर शामरावभाऊ रामटेके, वय बहात्तर. त्यांचा मुलगा विलास माझ्या सेक्शनमध्ये शिपाई होता. नऊ वर्षांपूर्वी भामरागडच्या जंगलात एका धबधब्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात तो गेला. मी तेव्हा हवालदार होतो, सेक्शन कमांडर. ती जागा डोळे मिटायच्या आत एकदा बघायची, एवढंच भाऊंनी फोनवर मागितलं होतं.

प्रत्येक गोष्ट मी घड्याळातल्या वेळेसकट सांगतो, त्यावरून घरात माझी चेष्टा होते. जित्याची खोड, पेन्शनीत आलो म्हणून जात नाही.

मूल, चामोर्शी, आष्टी. दोन्ही बाजूंना धान कापणीला आलं होतं. आलापल्लीत चहाला थांबलो. भाऊंनी मनगट वर केलं. "पावणे नऊ झाले, साहेब."

स्टीलचा पट्टा, काळी डायल, काचेवर कडेला एक चरा. ते घड्याळ माझं होतं. भाऊ ते मुलाची आठवण म्हणून नऊ वर्षं वापरत होते. खरं काय ते आज सांगायचं, असं ठरवूनच मी सांगोल्याहून आलो होतो. चहाबरोबर सांगता आलं असतं. मी दुसरा चहा मागवला.

विलास गेला तो आमच्या गस्तीचा तिसरा दिवस होता. आम्ही अकरा जण. ०९३० ला धबधब्यावर पोहोचलो. निम्मे पहाऱ्यावर, निम्मे पाण्यात, मग अदलाबदल. विलास धारेखाली उभा राहून ओरडला, "सर, या ना! आमच्या गावात नळाले पाणी नाई, अन् इथी पाहा!"

मी उतरलो. घड्याळ काढून दगडावर ठेवलं.

आमच्यात एक नियम पक्का असतो. आल्या वाटेने मागे फिरायचं नाही. आपण पुढे गेलो की मागे कोण काय पेरून जाईल, सांगता येत नाही. नव्या पोरांना हा नियम मीच शिकवायचो.

निघून दहा मिनिटं झाली असतील. रेडिओ बोलला. "अल्फा टू, टाइम आणि लोकेशन दे. ओव्हर."

मनगट रिकामं होतं. विलास हसला. "सर, तिथीच राह्यलं तुमचं. मी आणतो जाऊन. पाच मिंटं."

घड्याळं बाकीच्यांकडेही होती. मागच्या जवानाला विचारून मी टाइम दिला. काहीच अडलं नव्हतं. पण ते घड्याळ माझ्या बायकोने लग्नात दिलेलं. मी 'नको' म्हणालो नाही. म्हणालो, "पळत ये."

घड्याळ घेऊन तो परत येत असताना आवाज झाला. सुरुंग आधीपासून होता आणि आम्ही त्याच्यापासून वीतभर अंतराने गेलो, की मागाहून पेरला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. घड्याळ त्याच्या खिशात चालू होतं. क्लार्कने त्याच्या सामानाची यादी केली. पाकीट एक, आयकार्ड एक, घड्याळ एक. मी यादी वाचली आणि सही केली. सामान त्याच्या घरी गेलं.

त्यानंतर मला काही वाटत नव्हतं. जेवत होतो, झोपत होतो. एका सकाळी हजेरीत सवयीने 'रामटेके' पुकारलं. मग पुढचं नाव घेतलं.

जीप रस्त्यावर सोडून, पायवाटेने चालत १२४० ला भाऊ, ड्रायव्हर आणि मी धबधब्यावर पोहोचलो. पाणी तसंच पडत होतं. भाऊंनी पिशवीतून मेणबत्ती काढून लावली. तुषारांनी विझली. त्यांनी थोडं मागे सरून पुन्हा लावली आणि हात जोडून त्रिशरण म्हटलं. मी सावधानमध्ये उभा होतो. ते संपल्यावर बोललो.

"भाऊ, हातातलं घड्याळ विलासचं नाही. माझं आहे. मी ते या दगडावर विसरलो. ते आणायला तो मागे फिरला."

भाऊ पाण्याकडे बघत राहिले. "त्यानं सोताहून मनलं, का तुमी धाडलं?"

"तो म्हणाला. मी थांबवलं नाही. थांबवणं माझं काम होतं."

"नऊ वर्षं काऊन नाई सांगितलं?"

"भीती वाटली."

ते घड्याळ काढायला लागले. पट्ट्याची कडी निघेना. मदत करायला माझा हात पुढे झाला नाही.

"दरसाली सेल टाकला याच्यात," ते म्हणाले. "बंद नाई पडू देलं." कडी निघाली. त्यांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं. "घ्या. त्यानं तुमच्यासाठी आणलं होतं. द्याचं तेवढं राह्यलं."

"भाऊ, नको."

"तवा नको मनाचं होतं, साहेब. आता घ्या."

मी घेतलं. पट्टा त्यांच्या हाताने गरम होता. १३२५ झाले होते. परतताना आम्ही आल्या वाटेने आलो नाही. ड्रायव्हरने दुसरी पायवाट काढली. भाऊ पुढे, मी मागे.

शिपाई विलास शामराव रामटेके. राहणार सिंदेवाही. वय सव्वीस. घड्याळ पोहोचलं.