मोगऱ्याला लावलेली वात
ओल्या सुताचा वास आला की मला लातूरच्या आमच्या गॅलरीतला तो उन्हाळा आठवतो. मोगऱ्याला पहिल्यांदाच कळ्या लागल्या होत्या आणि आम्हाला नेमकं नात्यातल्या लग्नासाठी आठवडाभर अहमदपूरला जायचं होतं. मी घरात नवीनच. धीर करून सासूबाईंना म्हटलं, स्टुलावर बादली ठेवून तिच्यातून कुंडीत सुताची वात सोडू, झाड आपलं आपण पाणी पिईल. "वातीनं दिवा लागतो बाई, झाड न्हाई जगत," त्या म्हणाल्या; पण जाड वात त्यांनीच वळून दिली. वातीची गाठ सैल ठेवली की कुंडीत चिखल व्हायचा, आवळली की माती कोरडी राहायची. निघायच्या सकाळी कशीबशी गाठ जमली. लग्नात अक्षता टाकतानाही त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "पीत असंल का गं?" परत आलो तेव्हा चपला न काढताच दोघी गॅलरीकडे धावलो. बादलीतलं पाणी तळाला गेलं होतं आणि मोगरा नुसता पांढराशुभ्र फुलला होता! सासूबाईंनी उभ्याउभ्याच लग्नघरी फोन लावला, "अवो, लई फुललाय! माझ्या सुनंनं केलंय!" पुढे माझं कौतुक पुष्कळदा झालं, पण या घरची मी झाले ती त्या फोनवर.