अक्कांनी उघडलेला चेहरा

कलबुर्गीहून येणारी बस हुमनाबाद ओलांडून पुढं आली आणि फोन वाजला. पडद्यावर ‘शकूअक्का’. सवयीनं म्हटलं, ‘‘पोचतेच, अक्का.’’ पलीकडं अक्कांच्या शेजारच्या रझियाआपा होत्या. ‘‘बेटी, तू आराम से आ...’’ पुढं त्यांना बोलवेना.

सकाळीच अक्का मला फोनवर म्हणाल्या होत्या, ‘‘आज हनुवटीला हात घालायले. ये लवकर.’’ हनुवटी म्हणजे टेबलावरच्या चित्रातली. मी बीदरला पोचले तेव्हा अक्कांना आतल्या खोलीत निजवलं होतं. हृदय बंद पडलं, डॉक्टर सांगून गेले होते. बाहेर टेबलावरचा दिवा तसाच चालू. मी तो बंद केला, तर बोटांना चटका बसला. दिवा गरम होता... महिना होऊन गेला, पण माझं मन अजून त्या चटक्यापुढं सरकलेलं नाही.

शकूअक्का हळ्ळीखेडच्या शेतकरी घरातल्या. जुनी चित्रं दुरुस्त करण्याचं शिक्षण घ्यायला त्या लखनौला गेल्या आणि शिकून थेट बीदरला परतल्या. घराच्या समोरच्या दोन खोल्यांत स्टुडिओ मांडला. लोक विचारायचे, ‘‘फोटो रंगवून देता का?’’ त्या म्हणायच्या, ‘‘न्हाई. कुणीतरी रंगवलेलं सांभाळते.’’ अकरा वर्षांपूर्वी शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून मी त्यांच्याकडं गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला चूळ भरून यायला लावलं. चित्रावरची धूळ आणि काजळी थुंकीनं निघते, हे ऐकून मला वाटलं, बाई चेष्टा करायल्यात. पण अक्का या कामात चेष्टा करत नसत. तोंड स्वच्छ राहावं म्हणून अकरा वाजेपर्यंत त्या चहासुद्धा घेत नसत.

गेल्या वर्षी खटकचिंचोळीहून एक शेतकरी गोणपाटात गुंडाळून एक तैलचित्र घेऊन आले. हिरवं लुगडं नेसून खुर्चीत बसलेली त्यांची आजी. रंगाचे पोपडे निघत होते. अक्का भिंगातून बघत असताना अचानक थांबल्या. ‘‘सुनंदा, हिच्या कानाखाली आणखी एक कान हाय बघ.’’ मी वाकले. पोपड्याच्या फटीतून वेगळ्याच घडणीची कुडी दिसत होती. लुगडं एकच, खुर्ची एकच, चेहरा मात्र नंतर कुणीतरी दुसरा चढवलेला.

अक्कांनी काम थांबवलं आणि घरच्यांना बोलावलं. त्या शेतकऱ्यांबरोबर त्यांची आत्या आली, पार्वतीबाई, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी बराच वेळ त्या कुडीकडं पाहिलं. त्यांना जन्म देतानाच त्यांची आई गेली होती. वडिलांनी वर्षभरात दुसरं लग्न केलं, आणि पेंटरला पुन्हा बोलावून त्याच चित्रावर नव्या बायकोचा चेहरा काढून घेतला असावा. आईचा दुसरा फोटो घरात नव्हताच. जन्मदात्या आईचं तोंड बाईंनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

अक्कांनी त्यांना सरळ सांगितलं, ‘‘वरचा चेहरा काढला तर परत बसवता येणार न्हाई. त्याचा मोठा फोटो काढून देते, पण चित्रातून त्या जातील. तुम्ही म्हणाल तसं करू.’’

भाचे म्हणाले, ‘‘आत्या, हिनंच तर तुला वाढवलं. माझी सख्खी आजी हाय ती.’’

‘‘व्हय, म्हणून तर सांगायले,’’ पार्वतीबाई म्हणाल्या. ‘‘तिनं मला कधी सवतीची लेक म्हटलं न्हाई. आत्ता असती तर आपणहून बाजूला सरली असती. काढा, अक्का.’’ भाचे उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं आत येऊन म्हणाले, ‘‘फोटो तेवढा चांगला काढा.’’

त्यानंतर सात महिने अक्का त्या चेहऱ्यावर होत्या. द्रावणात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं दिवसाला नखाएवढी जागा. कपाळ आलं, डोळे आले. डोळे उघडले त्या दिवशी अक्का भिंग बाजूला ठेवून म्हणाल्या, ‘‘केवढी लहान पोर होती गं ही...’’ मग नाक, ओठ. राहिली ती हनुवटी. गुरुवारी बाई बघायला येणार होत्या. अक्का मंगळवारी गेल्या.

पार्वतीबाईंना पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. कारण सांगायचं धाडस मला झालं नाही. हनुवटी मी पुरी केली. एरवी अडलं की मी नुसती मान वळवायचे, आणि अक्का काम सोडून माझ्या बाजूला येऊन उभ्या राहायच्या. त्या पंधरा दिवसांत किती वेळा मान वळवली, त्याची गणती नाही.

पार्वतीबाई आल्या, चित्रासमोर बसल्या. त्यांची हनुवटी आणि चित्रातली हनुवटी एकच होती. त्यांनी स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवलं आणि दाराकडं बघत विचारलं, ‘‘अक्का कुठं हायत? बोलवा त्यांना.’’

मी सांगितलं. त्यांनी चित्राकडं बोट केलं.

‘‘त्यांनी बघितलं का हे, पुरं?’’

‘‘न्हाई.’’

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि चित्राकडं तोंड करून बसल्या. उठायची घाई त्यांनी केली नाही, मीही केली नाही.

चित्र आता खटकचिंचोळीला गेलंय, शेजारी फोटोही. टेबल आवरताना खिडकीतली बरणी हातात घेतली. पुसून काढलेला रंग अक्का फेकू देत नसत. कापसाचे बोळे बरणीत जपून ठेवत. चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात लिहिलंय, ‘पार्वतीबाईंच्या धाकट्या आई’. वरचे आठ-दहा बोळे माझे, जाड आणि सैल वळलेले. त्यांच्या खाली, पार तळापर्यंत, अक्कांचे. बारीक, घट्ट, सगळे एकाच मापाचे.