लाइट गेली आणि साल्सा सुरू झाला

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी विहारातल्या कार्यक्रमात पेटी वाजवायचे. मीही त्यांच्या शेजारी बसून पेटीच शिकले. पियानोला पहिल्यांदा हात लावला तो कॉलेजात असताना, कॅम्पातल्या एका गोवेकर सरांकडे. माझं एकाच हाताने चाललेलं वादन ऐकून ते म्हणाले, "डावा हात घरी ठेवून आलात का?"

जॅझ त्यांनीच ऐकवला. ओळखीच्या चालीतून निसटायचं, मनसोक्त भटकायचं आणि बरोबर समेवर परत यायचं! मी अक्षरशः वेडी झाले. मग त्यांनी साल्साची, म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या नाचाच्या संगीताची, कॅसेट लावली. त्यात उजवा हात ठेक्याच्या जरा आधीच उडी मारतो. कितीतरी दिवस ते जमेना. जमलं त्या दिवशी मी सरांच्या जिन्यावरून नाचतच उतरले.

पुढे हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली. ऑफिसमधल्या मुलांना तेव्हा साल्सा शिकायचं खूळ लागलं होतं. एका शनिवारी एक मैत्रीण मलाही कोरेगाव पार्कातल्या क्लासला घेऊन गेली. हॉलच्या कोपऱ्यात एक जुना पियानो होता, त्यावर कुंड्या मांडलेल्या. नाच रंगात आला आणि लाइट गेली. सीडी बंद. सगळ्या जोड्या हातात हात घेऊन तशाच उभ्या.

मी कुंड्या खाली उतरवल्या आणि झाकण उघडलं. दोन-तीन पट्ट्या मुक्या होत्या, त्या चुकवत सुरू केलं. आधी कुणी हलेना. मग शिकवणाऱ्या बाईंनी टाळीने ठेका धरला आणि अख्खा हॉल फिरायला लागला.

"थांबू नकोस!" त्या ओरडल्या.

माझ्या बोटांवर एवढी माणसं नाचतायत! लाइट आली तरी सीडी कुणी लावली नाही. निघताना बाईंनी विचारलं, "पुढच्या शनिवारी येशील?"

शनिवारमागून शनिवार जात राहिले. त्याच क्लासमधून ड्रम, बास आणि ट्रम्पेट वाजवणारे भेटले, आमचा बँड झाला. पहिल्या कार्यक्रमाला आई-बाबा पुढच्याच रांगेत होते. दुसऱ्या गाण्याला लोक उठून नाचायला लागले, तशी आई घाबरली.

"अहो, लोक उठून का चाललेत? आवडलं नाही का?"

"नाचतायत गं ते," बाबा म्हणाले. आणि मग, पियानोवरून मला स्पष्ट दिसलं, तेही उठले.