हात मागे बांधलेल्या काकू

कुणी नुसतं "आई गं, कंबर" म्हटलं की काकूंचे दोन्ही हात पाठीमागे जायचे. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायचं आणि म्हणायचं, "मी काही पाहिलं नाही हं." पाहिलेलं सगळं असायचं. टेक्सासातल्या फ्रिस्को गावी आमच्या वस्तीत तळ्याभोवती फिरायला येणाऱ्यांपैकी कुणाचा कुठला गुडघा कुरकुरतो आणि कोण चुकीचे बूट घालून मिरवतो, हे त्यांना बाकावर बसल्या बसल्या कळे. सांगायच्या मात्र नाहीत. असली माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांना सगळं येत असतं आणि आपल्या काही उपयोगाचं नसतं.

काकू नागपूरच्या. तिथे अठरा वर्षं त्यांनी फिजिओथेरपीचा दवाखाना चालवला, मग काकांच्या नोकरीपायी टेक्सासात आल्या. इथे उपचार म्हणून कुणाच्या अंगाला हात लावायचा तर राज्याच्या बोर्डाचं लायसन्स लागतं. बोर्डाला काकूंच्या कॉलेजचा त्या काळचा अभ्यासक्रम हवा होता, विषयवार तासांसकट. कॉलेजने कळवलं की तो वाळवीने खाल्ला. वाळवीचं पत्र बोर्डाला चालत नव्हतं, त्यात तासांचा उल्लेख नव्हता. तेव्हापासून काकू इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर उभ्या राहत आणि दर महिन्याला न चुकता बोर्डाला फोन करत.

एकदा माझी मान धरली. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याची धरायचीच. मी लाडीगोडी लावून पाहिली.

"काकू, कोण बघतंय? जरा दाबून द्या ना."

"बोर्ड बघून राहिलं."

"बोर्ड तिकडे राजधानीत, ऑस्टिनला आहे, काकू."

"मी तं इथं आहे ना," असं म्हणून त्यांनी मला लायसन्सवाल्या एका बाईंचा नंबर दिला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. तीन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. बोलायला मान वळवावी लागली असती, हेही एक कारण होतं.

मग एका वर्षी बातमी आली. आमच्या राज्यात सरकारी बोर्डं कायमची नसतात. ठरावीक वर्षांनी प्रत्येकाची मुदत संपते. विधानसभेने कायदा करून ती वाढवली तर बोर्ड जगतं, नाही तर गाशा गुंडाळतं. त्या खेपेला काकूंच्या बोर्डाची पाळी होती, आणि काही आमदार म्हणत होते की हे बोर्ड हवंच कशाला, कुणाला कामावर ठेवायचं ते दवाखान्यांनीच ठरवावं.

वस्तीत आनंदीआनंद झाला. बोर्ड गेलं की लायसन्सची अट गेली, आणि अट गेली की काकू दुसऱ्या दिवशी कामावर. मी पेढे घेऊन गेलो. काकूंनी एक पेढा सावकाश खाल्ला आणि म्हणाल्या, "मला ऑस्टिनला ड्राइव्ह करून ने. सुनावणी आहे. कोणीही जाऊन बोलू शकतं म्हणे." बाई आता बोर्डाचे वाभाडे काढणार, असं मी समजलो. हे चुकवायचं नव्हतं, म्हणून मी सुट्टी टाकली.

प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं मिळणार होती. गाडीत काकूंच्या भाषणाची तालीम म्हणून मी फोनवर वेळ लावली. पहिल्या खेपेला अकरा मिनिटं झाली आणि काकू अजून कॉलेजच्या ॲडमिशनपर्यंतच पोचल्या होत्या.

"प्रिन्सिपॉल सरांना कॅन्सल करा, काकू."

"त्यांना कसं कॅन्सल करू? देवमाणूस होते."

अर्ध्या वाटेवर सर गेले. वाळवी मात्र शेवटपर्यंत हटायला तयार नव्हती, आणि तिच्या पुढचं भाषण मला ऐकायला मिळालंच नाही.

तिथे पोचल्यावर एक कार्ड भरायचं होतं. विधेयकाच्या बाजूने, विरोधात, की नुसतंच बोलायचंय? विधेयक बोर्ड चालू ठेवण्याचं होतं. मी मदत म्हणून 'विरोधात'वर बोट ठेवलं. काकूंनी माझं बोट उचलून बाजूला केलं आणि 'बाजूने' अशी खूण केली.

"काकू, चुकतंय. तुम्हाला बोर्ड जगवायचंय का?"

"हौ."

"मग आपण इतक्या लांब आलो कशाला?"

"त्याच्यासाठीच तं आलो."

काकूंचं इंग्रजी संथ आणि स्वच्छ होतं. त्या म्हणाल्या, माझी फाईल या बोर्डाकडे सहा वर्षं अडकलेली आहे. समोरचे आमदार सावरून बसले. त्या म्हणाल्या, बोर्ड उद्या बंद झालं तर माझा फायदाच आहे. पण नागपुरात माझ्याकडे एक मुलगी आणली होती. काही न शिकलेल्या एका माणसाने तिची मान मोकळी करून देतो म्हणून पिरगाळली होती. तिला स्वतःच्या हाताने घास घेता यावा म्हणून मी चार वर्षं खपले. "मला तपासा. कागद नसेल तर परीक्षा घ्या, दहा वेळा घ्या. पण तपासणारं कुणीतरी ठेवा."

वेळ संपल्याचा लाल दिवा लागायला अजून अवकाश होता. काकू "थँक यू" म्हणून खाली येऊन बसल्या. पेढे घेऊन गेलेला माणूस मीच होतो, आणि मला माझी लाज वाटली.

परतताना त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आता हे बोर्ड जगलं तर माझं काय होईल रे?" त्यांनी पदर नव्हता म्हणून जॅकेटच्या बाहीला डोळे पुसले. मी चहाचं निमित्त करून गाडी थांबवली.

बोर्ड जगलं, आणखी बारा वर्षांसाठी. कायद्यात एक ओळ वाढली की परदेशातले जुने कागद मिळतच नसतील, तर ते विषय इथे पुन्हा शिकून पास व्हावं. ही ओळ काकूंमुळे आली असं आम्ही सगळ्यांना सांगतो. काकू म्हणतात, आधीच कुणीतरी लिहिली असेल. ते काही असो, छप्पन्नाव्या वर्षी त्या पाठीला सॅक लावून कॉलेजात जाऊ लागल्या. पोरं त्यांच्या नोट्स मागून नेत. दोन वर्षांनी लायसन्स आलं. पण नोकरी मिळाली ती टेक्सासच्याच पश्चिमेकडच्या एका छोट्या गावात, जिथे जायला कुणी तयार नव्हतं. काका रिटायर झाले होते. दोघांनी सामान बांधलं.

आता तळ्याभोवती आम्ही कसेही चालतो. बाकावर कुणी नसतं, आणि खरं सांगतो, करमत नाही.

गेल्या महिन्यात तिकडे काम निघालं, तेव्हा न कळवता त्यांच्या दवाखान्यात डोकावलो. एक उंच म्हातारा दोन दांड्यांना धरून पाऊल टाकायला शिकत होता. त्याची हॅट शेजारच्या खुर्चीवर ठेवली होती. काकू त्याच्यासमोर उलट्या पावली चालत होत्या आणि मोजत होत्या, चक्क मराठीत. "एक. दोन." घामाने निथळत तोही म्हणाला, "एक. दोन." तीनला तो अडला. काकूही तिथेच थांबल्या, कुठलीच घाई नसल्यासारख्या. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. लाडवांचा डबा काउंटरवर ठेवून मी दाराशी उभा राहिलो, आणि म्हाताऱ्याच्या तोंडून "तीन" ऐकल्यावरच, हाक न मारता निघालो.